व्यसनमुक्ती केंद्र शोधताना: आधी डॉक्टर, मग यादी, सगळ्यात शेवटी भरती

रात्री अकरानंतर येणारे फोन बहुतेक सारखेच असतात. "ताई, आत्ताच्या आत्ता येऊन उचलून नेतील असं एखादं केंद्र सांगा." मागे भांडी आपटल्याचा आवाज, कुणाचं तरी रडणं. अशा वेळी मी केंद्राचं नाव सांगत नाही. आधी विचारते: कुणाला लागलंय का, बाई आणि मुलं शेजारी जाऊ शकतात का, त्याने शेवटची कधी घेतली. केंद्र शोधायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आम्ही नेमकं उलटं केलं होतं. एसटी स्टँडसमोरच्या बोर्डावरचा नंबर फिरवला. पहाटे दोन वाजता गाडीतून चार माणसं उतरली, त्याचे हात बांधले आणि आईच्या देखत त्याला घेऊन गेली. तिथे डॉक्टर पंधरवड्यातून एकदा यायचे. तिसऱ्या दिवशी त्याला फीट आली होती, हे आम्हाला तो घरी आल्यावर त्याच्याच तोंडून कळलं. तीन महिने आत राहिला, बाहेर आल्यावर आठव्या दिवशी प्यायला. पुढचं दीड वर्ष 'उपचार' हा शब्द काढला तरी तो चप्पल घालून बाहेर पडायचा. दुसऱ्या खेपेला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीपासून सुरुवात केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरांबरोबर मी केसपेपरच्या रांगेत उभी राहिले आहे. चुका त्याच त्याच होतात, आणि बहुतेक चुका क्रमाच्या असतात. म्हणून तो क्रम इथे सविस्तर लिहिते.

आज रात्रीचीच अडचण असेल तर

पुढचं सगळं बाजूला ठेवा. यातलं काहीही दिसलं तर व्यसनमुक्ती केंद्राला फोन करू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या:

- फीट येणं
- नसलेली माणसं, किडे, साप दिसणं. कुठे आहोत ते न कळणं. सोबत ताप, घाम, थरथर
- रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच
- हलवूनही जाग न येणं, श्वास फार संथ होणं, ओठ निळसर पडणं
- जीव देण्याची भाषा किंवा तसा प्रयत्न

बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवून ठेवा. तोंडात पाणी, लिंबू, ताक काहीही घालू नका. मारहाण होत असेल तर ११२. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. घरातल्या बाईने त्या रात्री तिथेच थांबून 'समजूत काढायची' काही गरज नाही. ती आणि मुलं सुरक्षित जागी गेली की मग बाकीचं. रात्री फोनवर कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेलि-मानस १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

टप्पा १: वही भरा

शंभर पानी वही घ्या. डॉक्टर आणि केंद्रवाले जे विचारणार, ते रांगेत उभं राहून आठवत नाही. एक जण एक सांगतो, दुसरा त्याला खोडतो. घरात बसून लिहा.

पहिल्या पानावर: काय घेतो, किती, कधीपासून. 'खूप पितो' असं लिहू नका. क्वार्टर १८० मिलीची असते, नाइन्टी ९० ची. म्हणजे 'रोज देशीच्या तीन क्वार्टर, दोन वर्षांपासून. त्याआधी आठवड्यातून दोनदा' असं. गोळ्या असतील तर रिकामी पाकिटं जपून ठेवा. बटन, कुत्ता गोळी ही रस्त्यावरची नावं झाली; डॉक्टरांना आतलं औषध कळायला हवं. झोपेच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तरी फीट येऊ शकते, त्यामुळे 'दारूबरोबर कधीतरी गोळी घेतो' हे वाक्य लपवू नका. गांजा, गर्द, एमडी, खोकल्याचं औषध, व्हाइटनर: जे दिसलं ते लिहा, नुसता संशय असेल तर 'संशय' असं लिहा.

दुसऱ्या पानावर: सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागते का. न मिळाल्यास हात थरथरतात का. पूर्वी कधी फीट आली आहे का, भास झाले आहेत का. मधुमेह, रक्तदाब, कावीळ, टीबी, डोक्याला मार. चालू औषधं. आधीचे उपचार, आणि ते कुठे फसले.

तिसऱ्या पानावर कर्ज, नोकरीची स्थिती, पोलीस केस. हे डॉक्टरांपेक्षा समुपदेशकाच्या कामाचं आहे, पण भरतीनंतर पंधरा दिवसांत सावकार दारात उभा राहतो तेव्हा ही यादी असलेली बरी.

> तपासून पाहा: वहीत 'शेवटची कधी घेतली' याची तारीख आणि वेळ लिहायची जागा मोकळी ठेवली आहे का? ओपीडीत निघताना ती भरायची आहे. विड्रॉलचा, म्हणजे नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासाचा, सगळा हिशेब त्या वेळेपासून सुरू होतो.

टप्पा २: त्याच्याशी बोला, सकाळी, एकाच माणसाने

प्यायलेल्या माणसाशी झालेलं बोलणं धरू नका, तो हो म्हणाला तरी. सकाळी, चहाच्या वेळी, त्याचं जिच्याशी किंवा ज्याच्याशी बरं आहे त्या एकानेच बोलावं. मामा, काका, सरपंच असा दरबार भरवला की तो मान खाली घालून सगळं कबूल करतो आणि संध्याकाळी दुप्पट पितो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता तो दरबार भरू देऊ नका म्हणून आधीच हात जोडते.

बोलणं छोटं ठेवा. 'तू घराचं वाटोळं केलंस' हे खरं असेल, पण त्याने तो जागचा हलत नाही. "तुझे हात थरथरतात, रात्री तू झोपत नाहीस, मला भीती वाटते. उद्या सिव्हिलला जाऊ, केसपेपर मी काढते." एवढं पुरतं. 'व्यसनमुक्ती केंद्र' हा शब्द आज काढायची गरज नाही. झोप, पोट, कावीळ यांतलं जे त्याला स्वतःला छळतंय त्याचा हात धरून डॉक्टरपर्यंत जाता येतं. खोटं मात्र बोलू नका. 'लग्नाला जाऊ' म्हणून गाडीत बसवून केंद्रावर उतरवलेला माणूस ते आयुष्यभर विसरत नाही.

नाहीच म्हणाला तर? तुम्ही एकटे जा. मानसोपचारतज्ज्ञ घरच्यांशीही बोलतात. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे समुपदेशनही होतं. अल्-अनॉन हा दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट आहे, त्याच्या बैठकीला पैसे लागत नाहीत. कर्ज फेडणं, ऑफिसात खोटं कळवणं, रात्री दार उघडून जेवण वाढणं यातलं काय थांबवायचं ते तिथे उमगतं. घरच्यांचं वागणं बदललं की महिन्या-दोन महिन्यांत त्याचं 'नाही' मऊ होताना मी पाहिलं आहे.

> धोका: 'कळू न देता दारू सोडवा' अशा पुड्या चहा-आमटीत मिसळू नका. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. त्यावर दारू पोटात गेली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ साचतो: चेहरा लाल, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीने. शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो.

टप्पा ३: आधी ओपीडी

हा टप्पा नव्वद टक्के घरं गाळतात असं मला वाटतं. आकडा माझ्या अनुभवाचा आहे, सर्वेक्षणाचा नाही. सर्वेक्षणाचा एक आकडा मात्र सांगते. २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणते तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्यांतले कितीतरी जण 'भरती करायला पैसे नाहीत' म्हणून घरीच बसतात, आणि त्यातल्या अनेकांना भरतीची गरजही नसते.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मात्र शुल्क लागतं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. 'मनोरुग्णालय' म्हटलं की घरचे दचकतात, पण बाह्यरुग्ण विभागात दाखवणं म्हणजे तिथे ठेवणं नव्हे. गोव्यातल्या वाचकांसाठी बांबोळीची मानसोपचार संस्था हाच दरवाजा आहे. सकाळी लवकर जा, आधार कार्ड आणि वही बरोबर ठेवा. मानसोपचारतज्ज्ञांचा वार ठरलेला असेल तर आदल्या दिवशी विचारून घ्या.

डॉक्टर आधी का, ते नीट समजून घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, भ्रम, ताप अशी अवस्था येऊ शकते, आणि तिने माणूस दगावू शकतो. यावर औषधं आहेत, आणि ती वेळेवर मिळाली तर हे बहुतेक टळतं. डॉक्टर ठरावीक गोळ्यांचा डोस पाच-सात दिवसांत उतरवत नेतात आणि सोबत बी-१ म्हणजे थायमिन देतात.

म्हणूनच श्रावण लागला, माळ घातली, म्हणून रोज चार क्वार्टर पिणारा एका दिवसात बंद करतो तेव्हा मला आनंदाआधी काळजी वाटते. माळ जरूर घाला. त्या श्रद्धेने सावरलेली माणसं मी पाहिली आहेत. पण माळ घालायच्या आधी गोळ्या लिहून घ्या.

> धोका: 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' म्हणून गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली चढवली जाते. खूप दिवस पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन संपत आलेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाईन लावणाऱ्याला 'हा रोज पितो' हे स्पष्ट सांगा.

टप्पा ४: भरती हवी की नको, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या

साधारणपणे भरती लागते ती अशांना: आधी फीट किंवा भास झालेले, दारू, गोळ्या, गर्द असं एकत्र घेणारे, जीव देण्याचा विचार बोलून दाखवणारे, यकृत, हृदय किंवा मधुमेहाचा गंभीर त्रास असलेले, गरोदर स्त्रिया, घरात सोबतीला कुणीच नसलेले, आणि ओपीडीचे उपचार दोन-तीनदा मोडलेले. बाकीच्यांना गोळ्या, समुपदेशन आणि स्वमदत गट यांवर घरून सुरुवात करता येते. नोकरी टिकते, पैसे वाचतात, आणि गावभर होत नाही.

भरती लागणार असेल तर ती कुठे, हेही विचारा. यकृत बिघडलेल्या, काविळीने पिवळ्या पडलेल्या माणसाला आधी रुग्णालयाच्या वॉर्डात विड्रॉल काढावा लागतो, केंद्र त्यानंतर. बहुतेक घरं इथे उलटं जातात.

गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थांचं थोडं वेगळं आहे. त्यांचा विड्रॉल फार त्रासदायक असतो, पण धडधाकट माणसाचा जीव सहसा त्यात जात नाही. खरा धोका नंतर असतो: महिनाभर बंद राहिलं की शरीराची सवय मोडते, आणि बाहेर आल्यावर जुन्याच मापाने घेतलं की श्वास थांबतो. म्हणून अशांसाठी ओढ आवरणारी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं बराच काळ देणारी जागा शोधा. 'गोळी म्हणजे दुसरं व्यसनच' असं सांगून ती बंद करायला लावणारं केंद्र गर्दच्या रुग्णासाठी निवडू नका. सुईने घेणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली ही औषधं मोफत देणारी केंद्रं आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात त्यांचा पत्ता मिळतो.

टप्पा ५: यादी करा, पाच-सहा नावांची

नुसतं शोधयंत्रावर टाकलं की आधी जाहिराती येतात. त्याऐवजी या वाटांनी नावं गोळा करा:

1. ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांना, आणि त्याहून जास्त वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा. कोणत्या केंद्रातून आलेले रुग्ण कोणत्या अवस्थेत येतात, हे त्यांना ठाऊक असतं.
2. १४४४६ वर जिल्हा सांगून अनुदानित केंद्रांची नावं घ्या. नशामुक्त भारत अभियानाच्या संकेतस्थळावर नकाशाही आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात त्या केंद्रांत उपचार मोफत असतात. तिथे 'डोनेशन' मागितलं तर पावती मागा आणि समाज कल्याण कार्यालयात विचारा.
3. जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जा.
4. अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या खुल्या बैठकीला जाऊन बसा. तिथली माणसं स्वतः केंद्रांतून गेलेली असतात, आणि ती आडपडदा न ठेवता सांगतात.

नावाजलेल्या संस्थाही आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून, मुंबईचं कृपा फाउंडेशन १९८१ पासून काम करत आहे. गडचिरोलीत मुक्तिपथ तालुक्यांत आणि गावांत क्लिनिक घेतं. पण 'फक्त तिथेच' असा हट्ट धरून जागा मिळेपर्यंत थांबू नका; तोवर ओपीडी चालू ठेवा.

स्त्रियांसाठी यादी वेगळी करावी लागते. बायकांसाठी स्वतंत्र विभाग आणि रात्रीही महिला कर्मचारी असलेली केंद्रं कमी आहेत. 'एक खोली आहे, अ‍ॅडजस्ट करू' हे उत्तर आलं तर ते नाव खोडा. अठराखालच्या मुलांनाही मोठ्यांच्या वॉर्डात ठेवू देऊ नका.

टप्पा ६: फोन करा आणि उत्तरं वहीत लिहा

प्रत्येक केंद्राला तेच प्रश्न, त्याच क्रमाने:

- मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली तुमचा नोंदणी क्रमांक काय? या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार येतात. अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. 'आमचा ट्रस्ट रजिस्टर्ड आहे' हे याचं उत्तर नव्हे. तो धर्मादाय आयुक्तांचा वेगळा कागद.
- मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस येतात? रात्री परिचारिका कोण असते?
- विड्रॉलमध्ये फीट आली तर काय करता, कोणत्या रुग्णालयात नेता? तेव्हा आम्हाला कळवता का?
- किती दिवसांचा कार्यक्रम? दिवसभरात काय काय असतं?
- घरच्यांसाठी बैठक असते का? भेट आणि फोन कधीपासून?
- एकूण खर्च किती? औषधं, रक्त तपासणी त्यात धरलेली का? मध्येच सोडलं तर किती परत?
- डिस्चार्जनंतर पाठपुरावा कुठे, किती दिवस?

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवते: "त्याची तयारी नाही, तुम्ही येऊन घेऊन जाल का?" 'हो, चार पोरं पाठवतो, गाडीचे एवढे' असं उत्तर आलं की फोन ठेवा. माणसाला घरातून उचलून नेण्याचा अधिकार कोणत्याही खासगी केंद्राच्या पोरांना नाही. चांगलं केंद्र उलट विचारतं, की तुम्ही कुठल्या डॉक्टरांना दाखवलंत, त्याला घेऊन एकदा समुपदेशनाला येता का.

> धोका: '१०० टक्के गॅरंटी', 'एका इंजेक्शनमध्ये दारू बंद', 'सहा महिने भेट नाही'. या तिन्हींपैकी एकही ऐकलं तर पुढचा नंबर लावा. आरोग्य विम्याच्या भरवशावरही राहू नका. बहुतेक पॉलिसींत व्यसनाचे उपचार वगळलेले असतात. एजंटला न विचारता पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी स्वतः वाचा.

टप्पा ७: डोळ्यांनी बघून या

उरलेल्या दोन-तीन ठिकाणी घरातल्या दोघांनी जावं, जेवणाच्या वेळेला. ऑफिसात बसवून चहा पाजून पाठवत असतील तर 'आत बघायचं आहे' म्हणा. गोपनीयतेसाठी वॉर्ड दाखवला नाही तर समजू शकतं, पण स्वयंपाकघर, संडास, झोपायची मोकळी खोली, बैठकीची जागा दाखवायला काय हरकत?

भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र आहे का पाहा. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर ठळक लावलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे. तो नसेल तर ही जागा तपासणीची सवय नसलेली आहे. खिडक्यांना गज असतील, पण दाराला बाहेरून कुलूप आणि आग लागली तर चावी कुणाकडे? एका खोलीत किती गाद्या? रुग्णांच्या चेहऱ्याकडे बघा. नवीन माणूस आला की गप्पा थांबून सगळे भिंतीला लागून उभे राहत असतील तर तिथे शिस्त भीतीची आहे. साखळी घालणं, कोंडून एकटं ठेवणं कायद्याने बंद आहे. स्वयंपाक, झाडलोट आळीपाळीने करणं उपचाराचा भाग असू शकतो. मालकाच्या शेतावर राबवणं नाही.

मी आणखी एक करते. बाहेरच्या टपरीवर चहा पिते आणि सहज विचारते. शेजाऱ्यांना रात्रीचे आवाज ऐकू येत असतात.

टप्पा ८: भरतीचा दिवस

कागद वाचल्याशिवाय सही करू नका, आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. भरती दोन प्रकारची असते. माणूस स्वतःच्या संमतीने दाखल झाला तर तो स्वतः डिस्चार्ज मागू शकतो. त्याची संमती नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाचा, अर्ज लागतो, आणि मानसोपचारतज्ज्ञ धरून दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून ठरवावं लागतं, की तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही. ही भरती सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावी लागते. 'बायकोची सही झाली, आता सहा महिने आमच्या ताब्यात' असं काही कायद्यात नाही. तक्रार असेल तर मंडळाकडे जा. मोफत वकिलासाठी १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण आहे.

अमली पदार्थांच्या केसची भीती असेल तर एवढं लक्षात ठेवा: एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. केस आधीच दाखल असेल तर भरतीआधी वकिलाला भेटा.

पिशवीत: तीन-चार जोड कपडे, चप्पल, चालू औषधं मूळ पाकिटासह, जुने रिपोर्ट, आधारची प्रत, चष्मा. सेंट, आफ्टरशेव्ह, माउथवॉश, सॅनिटायझर नको, त्यांत अल्कोहोल असतं. अंगठी, साखळी घरी. फोनवरच्या यूपीआयचं आणि एटीएम कार्डाचं काय करायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा, परस्पर नको. 'शेवटची एकदा' म्हणून वाटेत पाजू नका. पण निघताना त्याने घेतलीच असेल तर वेळ वहीत लिहून केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा.

> तपासून पाहा: घेतलेल्या पैशांची पावती मिळाली का? फोन कुणी उचलायचा त्या माणसाचं नाव कळलं का? पुढच्या भेटीची तारीख ठरली का?

टप्पा ९: तो आत असताना

पहिल्या आठवड्यात फोन येईल: "मला ने, इथे मारतात." दोन्ही शक्यता खऱ्या असतात. ओढीपोटी तो खोटं बोलत असेल, किंवा खरंच मारत असतील. रागावू नका, दुर्लक्षही करू नका. दुसऱ्या दिवशी जा, त्याला समोर भेटा, अंगावर वळ आहेत का पाहा, डॉक्टरांना भेटा. भेट नाकारली तर तेवढं कारण त्याला बाहेर काढण्यासाठी पुरेसं आहे. आमचं पहिल्या खेपेला इथेच चुकलं. केंद्रवाल्यांनी 'पेशंट असंच बोलतात' म्हटलं आणि आम्ही मान डोलावली.

घरच्यांच्या बैठका चुकवू नका. बायकोवर सगळं ढकलून भाऊ आणि वडील घरी बसतात, तसं करू नका.

टप्पा १०: डिस्चार्जच्या आधीच पुढचे तीन महिने ठरवा

डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं, डोस आणि किती दिवस हे लिहिलेलं हवं. पहिली फॉलो-अपची तारीख सात दिवसांच्या आत घ्या. घराजवळची एएची बैठक कोणत्या वारी, कुठे, हे तो आत असतानाच शोधून ठेवा आणि पहिल्या बैठकीला सोबत जा. पगाराचा दिवस, जुने मित्र, लग्नाची वरात, गटारी, थर्टी फर्स्ट: या दिवसांचं काय करायचं ते समुपदेशकासमोर बसून तिघांनी ठरवा. वरातीला जायचं नसेल तर लग्न लागल्यावर जेवून निघायचं. आमच्याकडे पहिली दोन वर्षं असंच केलं, नातेवाईक थोडे कुरकुरले.

घरी आल्यावर रोज तोंडाचा वास घेऊ नका, खिसे तपासू नका. औषध समोर घ्यायचं की नाही हे आधीच ठरलेलं असावं. ठरलं असेल तर ती पाळत वाटत नाही.

आणि 'स्लिप' म्हणजे पुन्हा एखाद्या दिवशी घेणं. ते झालं तर काय, हेही डिस्चार्जआधीच कागदावर लिहा: कुणाला फोन करायचा, त्याच दिवशी कुठल्या ओपीडीत जायचं. पुन्हा तीन महिन्यांची भरती हे आपोआप ठरलेलं उत्तर नसतं. माझा भाऊ सातव्या महिन्यात घसरला. त्या रात्री कुणी काही बोललं नाही. सकाळी फ्रीजच्या दारावरचा कागद काढला, त्यावरच्या नंबरला त्याने स्वतः फोन केला, आणि साडेनऊला आम्ही केसपेपरच्या रांगेत उभे होतो.